तबकडीचा टेलिफोन पुन्हा बोलता करताना

लिलाव म्हटला की आमच्या खेड्यांतील वाचकांस चर्चच्या सणाची आठवण होते. केळीचा घड, नारळ, कोंबडा, कोणी श्रद्धेने आणून दिलेला हंगामातील पहिला फणस अशा वस्तू अंगणात मांडलेल्या असतात. एखादा दणकट आवाजाचा गृहस्थ बोली पुकारतो आणि मंडळी हसतखेळत एकमेकांवर चढ करतात. गोव्याकडे हिलाच पावणी म्हणतात. इंटरनेटवरील लिलाव ही त्याच जातीची गोष्ट खरी. परंतु तेथे आवाज नाही, शेजारी नाही, आणि वस्तू हातात घेऊन उलटसुलट पाहण्याची सोय तर मुळीच नाही. पाच-सहा छायाचित्रे, विक्रेत्याने लिहिलेल्या चार ओळी आणि शून्याकडे धावणारे एक घड्याळ, एवढ्यावर मनुष्याने बोली लावायची असते. अशा लिलावांत अलीकडे बरीच मागणी असलेली एक वस्तू म्हणजे तबकडी फिरवून नंबर लावण्याचा जुना टेलिफोन. असा एक टेलिफोन गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका घरी आला आणि तो दुरुस्त करण्याच्या खटपटीत आम्हांसही हात काळे करून घ्यावे लागले. त्या निमित्ताने जे पाहिले व शिकलो, ते येथे सांगण्याचा विचार आहे.

हे घर एका निवृत्त लाइनमनचे. तेहतीस वर्षे त्यांनी टेलिफोन खात्यात काढली. बेळगाव भागातील पावसात खांबांवर चढणे, तुटलेल्या तारा जोडणे, एक्स्चेंजमधील यंत्रांची निगा राखणे ही त्यांची कामे. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची नववीतील नात एकदा त्यांना म्हणाली, “आजोबा, फोनमध्ये दुरुस्त करण्यासारखे असते तरी काय? बिघडला की नवा घ्यायचा!” तिचे काही चुकले नव्हते; तिने पाहिलेल्या प्रत्येक फोनबाबत ते खरेच आहे. परंतु आजोबांचे सारे आयुष्य त्या एका वाक्यात निरुत्तर झाले. ही हकीकत तिच्या थोरल्या भावाच्या कानी गेली. तो इंग्लंडमध्ये स्विंडन येथे नोकरीस असतो. गोव्याकडची पुष्कळ मंडळी त्या शहरी स्थायिक झाली आहेत, हे वाचकांस ठाऊक असेल. त्याने तेथील एका इंटरनेट-लिलावात पंचावन्न पौंडांस एक काळा टेलिफोन घेतला आणि नाताळच्या सुटीत येताना कपड्यांत गुंडाळून आणला. इंग्रजी माहितीपत्रके वाचण्यास मदत हवी म्हणून आम्हांस बोलावणे आले.

हा टेलिफोन ब्रिटिश पोस्ट ऑफिसच्या ३०० मालिकेतील, ३३२ क्रमांकाचा. ही मालिका ब्रिटनमध्ये १९३७ साली आली. तिच्या घडणीचा मूळ नमुना स्वीडनच्या एरिक्सन कंपनीचा. नॉर्वेजियन चित्रकार यान हाइबर्ग याने त्याचे बाह्यरूप आखले होते. त्यापूर्वीच्या उपकरणांत घंटेची पेटी भिंतीवर निराळी लावावी लागे. या मालिकेत घंटा, गुंडाळ्या, कंडेन्सर सर्व काही एकाच उतरत्या कवचाखाली आले आणि तळाशी नंबरांचा कागद ठेवण्यासाठी एक लहानसा खणही मिळाला. कचेऱ्यांतील मोठ्या साहेबांच्या टेबलावर ज्या आकाराचा काळा जड फोन जुन्या चित्रपटांत दिसतो, तोच हा आकार. १९४८ साली बंगलोर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना निघाला, तोही लिव्हरपूलच्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने. त्यामुळे ब्रिटिश धर्तीची ही यंत्ररचना आपल्याकडील जुन्या लाइनमन मंडळींच्या हाताखालची आहे. आजोबांनी तो उलटा करून तळ पाहिला आणि एवढेच म्हटले, “ओळखीचा आहे.”

खरेदी करू इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द येथेच सांगून टाकतो. बाजारात पितळी नक्षीचे, लाकडी बैठकीचे जे देखणे फोन ‘पुरातन’ म्हणून विकले जातात, त्यांपैकी पुष्कळ कालपरवाचे असतात. कित्येकांची तबकडी फिरतच नाही. भोकांच्या जागी गोलाकार मांडलेली बटणे असतात. छायाचित्रात तबकडी अर्धी फिरवून दाखविण्यास विक्रेत्यास सांगावे. तळाचे व आतील भागांचे छायाचित्र मागावे. अस्सल ब्रिटिश उपकरणांच्या भागांवर क्रमांक व बहुधा वर्षाचे दोन आकडे उमटविलेले असतात. आमच्या उपकरणाच्या कवचावर एक साल आणि हातात धरण्याच्या रिसीव्हरवर दुसरेच साल निघाले, तेव्हा नातवास वाटले की आपण फसलो. तसे काही नव्हते. त्या काळी ब्रिटनमध्ये टेलिफोन ग्राहकाच्या मालकीचा नसे. तो पोस्ट ऑफिसचा, ग्राहक केवळ भाडेकरू. परत आलेली उपकरणे पोस्ट ऑफिसच्या कारखान्यांत उघडून, धुऊनपुसून, चांगले भाग एकत्र करून पुन्हा बाहेर पाठविली जात. एकाच फोनात दोन-तीन सालांचे भाग असणे हा त्याच्या संसाराचा दाखला आहे, लबाडीचा नव्हे. सर्व भाग एकाच सालाचे जुळविण्याचा जो छंद काही संग्राहकांस असतो, तो आम्हांस विशेष रुचत नाही.

विक्रेत्याने ‘उत्तम चालू स्थितीत’ असे लिहिले होते. आपल्याकडील सॉकेटमध्ये बसेल असा प्लग लावून तो जोडला, तर कानाशी सूर ऐकू आला. पण बाहेरून फोन केला असता घंटा मुकी! सूनबाई रागावल्या. विक्रेत्यास खरमरीत पत्र लिहावे असे ठरू लागले. आजोबांनी मात्र तळाची पाटी उघडली, तारा बोटाने मोजल्या, आणि विक्रेता खरे बोलला होता असा निकाल दिला.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. टेलिफोनच्या तारेवर दोन प्रकारची वीज येते. बोलण्यासाठी लागते ती एकाच दिशेने वाहणारी, सुमारे ५० व्होल्टची, एक्स्चेंजमधील बॅटऱ्यांची. घंटेसाठी येते ती दिशा बदलणारी, सुमारे ७५ व्होल्टची. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना पहिली वीज वाहता कामा नये, नाहीतर एक्स्चेंजला वाटेल की कोणी फोन उचलला आहे. परंतु दुसरी वीज घंटेपर्यंत पोचली पाहिजे. हे दुहेरी काम कंडेन्सर करतो. तो पहिलीला अडवितो आणि दुसरीला वाट देतो. जुन्या फोनांत हा कंडेन्सर आतच असे आणि घंटा त्याच्या मागे जोडलेली असे. १९८१ पासून ब्रिटनमध्ये भिंतीवरील नव्या प्रकारचे सॉकेट आले, त्यांत कंडेन्सर सॉकेटातच बसविला जाऊ लागला आणि घंटेसाठी तिसरी तार निघाली. आमचा फोन त्या पद्धतीस अनुसरून कोणीतरी बदललेला होता. इंग्लंडच्या भिंतीवर तो वाजत होताच! आपल्याकडे दोनच तारा. तिसरी लोंबकळत राहिली आणि घंटा उपाशी राहिली. आजोबांनी घंटेची तार पुन्हा आतल्या कंडेन्सरवर घेतली. काम दहा मिनिटांचे, परंतु ते कोठे करावयाचे हे कळण्यास तेहतीस वर्षे गेली होती.

येथे एक सूचना. फोन उघडण्यापूर्वी भिंतीवरील जोडणी काढलीच पाहिजे. घंटेची वीज जीव घेण्याइतकी नसली तरी नेमका हात आत असताना कोणी फोन केला तर झटका चांगला बसतो. आणि आपल्याकडील मेघगर्जनेच्या दिवसांत उघड्या तारेस हात लावणे हा शहाणपणा नव्हे.

कवचाची सफाई हे घरातील बायकामुलांनी आनंदाने करण्याजोगे काम. हे कवच बेकेलाइटचे. लिओ बेकलंड हा बेल्जममधील गेंट शहरी १८६३ साली जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत जाऊन त्याने फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून हा पदार्थ तयार केला आणि १९०९ साली जगापुढे मांडला. एकदा उष्णतेने घट्ट झाला की पुन्हा वितळत नाही, वीज वाहू देत नाही, म्हणून टेलिफोनास तो उत्तम. त्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला असतो. वरचा चकचकीत थर शाबूत असेल तोवर ठीक. तो घासून काढला की भुसा उघडा पडतो, पाणी पितो, आणि मग कितीही पॉलिश करा, चेहरा मलूलच. म्हणून पॉलिशकागद वर्ज्य, बादलीत भिजत घालणे वर्ज्य. कोमट पाण्यात सौम्य साबण, ओलसर फडके, लगेच कोरडे पुसणे, एवढ्यावर सत्तर वर्षांचा मळ निघाला. पुढची झिलई आणण्यास पितळ उजळण्याचे ब्रासो बेताने वापरले. चर्चमधील मेणबत्त्यांची दाने ज्या डब्यातून उजळतात त्याच डब्यातून ते गेले, हे साक्रिस्तानास अद्याप ठाऊक नाही. शेवटी मेणाचा पातळ हात. एका कडेला बारीकसा तडा आहे, तो तसाच ठेवला.

आता तबकडीकडे वळतो. खरी कसोटी तेथेच आहे.

तबकडीचे मूळ अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील आल्मन स्ट्रॉजर नामक अंत्यविधीचा व्यवसाय करणाऱ्या गृहस्थाकडे जाते. त्याचे गिऱ्हाईक त्यास फोन करी, तेव्हा एक्स्चेंजमधील बाई तो फोन प्रतिस्पर्ध्याकडे जोडून देई असा त्याचा संशय होता, अशी कथा सांगतात. संशय खरा असो वा खोटा, त्यातून मध्ये मनुष्यच नसावा अशी एक्स्चेंजची रचना निघाली. तिचे पेटंट १८९१ चे. पहिले एक्स्चेंज इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे १८९२ साली सुरू झाले. बोटाने फिरवायची तबकडी त्यानंतर काही वर्षांनी आली. हिंदुस्थानात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्यास १९१३-१४ मध्ये उभे राहिले.

तबकडीचे कार्य असे. आपण भोकात बोट घालून ती फिरवतो, तेव्हा आतील स्प्रिंगेस केवळ पीळ बसतो. नंबर जात नाही. बोट सोडल्यावर ती स्वतःच्या वेगाने परत येते, आणि परतताना तारेतील प्रवाह क्षणभर तोडते व जोडते. पाच फिरवला तर पाच वेळा, शून्य फिरवला तर दहा वेळा. या प्रत्येक तुटण्यास आपण ठोका म्हणू. सेकंदास दहा ठोके हा ठरलेला वेग. प्रत्येक ठोक्यात प्रवाह दोन भाग तुटलेला व एक भाग जोडलेला, हे ब्रिटिश प्रमाण. एक्स्चेंजमध्ये स्ट्रॉजरच्या पद्धतीचा एक दांडा असे. एकेका ठोक्यासरशी तो एकेक पायरी वर चढे, मग आडवा फिरून शंभर जागांतील नेमकी जागा शोधी. आजोबांनी नातीस हे स्वयंपाकघरातील फडताळापुढे उभे राहून दाखविले: “तू इथे तीन फिरवलेस की तिकडे माझ्यासमोर दांडा तिसऱ्या फळीवर जायचा. खट, खट, खट. मी डोळे मिटूनही सांगायचो, कोणता नंबर चालला आहे.” त्या मुलीने तोंडाचा आ केला. आम्हीही, खरे सांगावयाचे तर, हे इतक्या सोप्या रीतीने पूर्वी कधी ऐकले नव्हते.

फोन वेळेवर लागला नाही तर काय होते, याचे एक उदाहरण इतिहासात चांगले नमूद आहे. १९३५ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्यू पावल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थाने अग्निशामक दलास फोन लावला होता. परंतु एक्स्चेंजमध्ये त्याचा फोन इतरांच्या रांगेत अडकून राहिला. त्याने वर्तमानपत्रास संतापून पत्र लिहिले, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा संकटकाळचा नंबर सुरू झाला. आता ९९९ च का? १११ फिरविण्यास कितीतरी लवकर झाले असते! परंतु वाऱ्याने दोन तारा एकमेकींस लागल्या तरी एक-एक ठोका उमटे, आणि मग खोट्या आगींची वर्दी एक्स्चेंजला दिवसभर मिळत राहिली असती. शिवाय नऊचे भोक शेवटच्या भोकाशेजारी असल्याने काळोखात किंवा धुरात बोटाने चाचपून सापडे. त्यात नाणे टाकून बोलण्याच्या फोनांवर शून्य बिनपैशाने लागण्याची सोय आधीच होती; ती शेजारच्या नऊपर्यंत वाढविणे सोपे गेले. न्यूझीलंडमध्ये मात्र संकटकाळचा नंबर १११ आहे. तेथील तबकडीवर आकडे उलट क्रमाने असत. तेथे एक फिरवला की नऊ ठोके जात! म्हणून लिलावात न्यूझीलंडचा फोन दिसल्यास तबकडी नीट पाहावी. आपल्याकडे तो सातच्या ठिकाणी तीन लावील.

आमच्या फोनची तबकडी आळसावलेली होती. शून्य फिरवला असता परतण्यास दोन सेकंदांहून अधिक लागत. एवढ्या मंद ठोक्यांचा हिशेब एक्स्चेंजला लागत नाही. मध्येच अंक संपला असे त्यास वाटते. कारण नेहमीचेच, जुने तेल वाळून चिकट झाले होते. आजोबांनी तबकडी सोडवून दातेरी चक्रे अल्कोहोलने बारीक ब्रशाने धुतली. वेग आवरण्यासाठी आत एक चिमुकली भिंगरी असते. ती फिरू लागली की तिच्यावरील वजने बाहेर फाकतात, भोवतीच्या वाटीस घासतात आणि वेग बेतात ठेवतात. तिच्या टोकांस घड्याळाच्या तेलाचा सुईच्या अग्रावरील थेंब द्यावयाचा. वाटीस तेलाचा स्पर्शही होता कामा नये, नाहीतर घर्षण नाहीसे होऊन तबकडी उधळते. बहुतेक हौशी मंडळी येथेच जादा तेल ओततात. ठोके देणाऱ्या पट्ट्यांवरील काळेपणा काढण्यास पॉलिशकागद न घेता त्यांनी लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी कापली आणि दोन पट्ट्यांमधून चार वेळा ओढली. मग नात मोबाइल घेऊन बसली; तबकडीचा आवाज तिने त्यावर ध्वनिमुद्रित केला आणि पडद्यावरील रेघांतून ठोके मोजले. सेकंदास साडेआठ. आजोबांना ऐकू कमी येते, म्हणून त्यांनी तबकडीवर बोटाचे पेर टेकवून पाहिले आणि म्हणाले, “अजून थोडी ओढ हवी.” भिंगरीच्या कमानी केसभर वाकविल्या. पुन्हा मोजले तेव्हा दहा भरले. त्या दोघांचे यंत्र निराळे, उत्तर एकच आले.

बोलण्याच्या बाजूस, म्हणजे तोंडाशी येणाऱ्या डबीत, कोळशाचे बारीक कण भरलेले असतात. आवाजाने पडदा हलतो, कण दाबले जातात व सैल होतात, त्याबरोबर वीज कमीजास्त वाहते आणि तीच दूरवर पुन्हा आवाज होते. ही कणांची युक्ती हेन्री हनिंग्ज या इंग्लंडमधील यॉर्कशरच्या बोल्टन पर्सी गावच्या अँग्लिकन धर्मोपदेशकाने काढली व १८७८ साली तिचे पेटंट घेतले. धर्मसेवक मंडळींस यंत्रांत लुडबुड करण्याचे व्यसन असते, असे आमच्या सूनबाईंचे म्हणणे आहे. त्यांस आम्ही हे नाव ऐकविले. फोन वर्षानुवर्षे न वापरता राहिला की हे कण एकमेकांस धरून बसतात आणि आवाज घोगरा येतो. डबी काढून तळहातावर हलकेच आपटली की बहुधा सुटतात. ती उघडू मात्र नये.

घंटेच्या दोन वाट्यांवर थोडा गंज होता, तो काढला. वाट्या किंचित सरकवून मधल्या हातोडीपासून दोन्हींचे अंतर सारखे केले. याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही; कानास गोड लागले की थांबावे.

आता जो प्रसंग आला तो नाजूक होता. गावात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालविणारा घरातलाच एक होतकरू तरुण म्हणाला, “आजोबा, आतले सारे काढून टाका. मी सिमकार्डाचे सर्किट आणि बॅटरी बसवून देतो. तबकडी शोभेला राहील, फोन कुठेही नेता येईल.” त्याची कल्पना वाईट नव्हती, आणि मुलाचा हात खरोखर चांगला आहे. घरातील बऱ्याच जणांस ती पटली, कारण गावातील तांब्याची तार कधीच निकामी झाली होती. घरात आली होती ती काचेच्या तंतूची नवी जोडणी आणि तिची पांढरी पेटी. त्या पेटीस जुना फोन जोडला तर येणारा फोन वाजे, बोलणेही होई. परंतु तबकडी फिरविली तरी कानातील सूर तसाच वाहत राही. अशा पुष्कळ पेट्यांस आता ठोके समजत नाहीत. त्यांस बटणांचे सूरच कळतात. म्हणजे जिच्यासाठी एवढा खटाटोप केला, ती तबकडीच बहिरी भिंत बडवीत होती. आजोबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ऐकू येते पण बोलावता येत नाही, असा फोन अर्धाच बरा झाला म्हणायचे.”

आमचे मत विचारले गेले. आम्ही असे सांगितले की, कवच ठेवून आतडी काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. मग लिलावातून नवा पितळी देखावाच आणावयास हरकत नव्हती. नात तर रडकुंडीस आली. तिने ठोके मोजले होते! अखेरीस तिनेच शोध लावला की, ठोके ऐकून त्यांचे सुरांत भाषांतर करणारी लहानशी डबी विकत मिळते. ती फोन आणि पांढरी पेटी यांच्यामध्ये जोडावयाची. फोनच्या आत हात लावण्याचे कारण नाही. दुभाषा ठेवल्यासारखेच हे. ती मागविली. बसविली त्या दुकानदार मुलानेच, आणि आजोबांनी त्यास तबकडीची आतील रचना एकदा पुरती उघडून दाखविली. हल्ली त्याच्या दुकानात त्याने घड्याळाच्या तेलाची बाटली ठेवली आहे, असे ऐकतो.

तबकडीच्या मध्यभागी पारदर्शक चकतीखाली कागदाचा गोल तुकडा असतो, त्यावर पूर्वी घराचा नंबर लिहिला जाई. आमच्या फोनवरील शाई इतकी उडाली आहे की, शेवटचे दोन आकडे तेवढे लागतात. मुलांना तेथे आपला नंबर हवा होता. जुना कागद फेकला नाही. त्यावरच नवा ठेवून चकती बसविली. रिसीव्हरची मूळची कापडी वेणीची दोरी विरलेली होती, ती मात्र बदलावी लागली, कारण आतील तार उघडी पडली होती. जुनी दोरी तळाच्या खणात गुंडाळून ठेवली आहे.

सर्व सिद्ध झाले त्या दिवशी सायंकाळी चर्चच्या कचेरीतील आमचा मोबाइल वाजला. आपल्याकडे जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनावरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावे लागते. म्हणजे पहिलेच दहा ठोके, आणि त्यापुढे आणखी दहा आकडे. नात मागाहून सांगत होती की, आजोबांनी मध्ये कोणासही बोलू दिले नाही आणि शेवटच्या आकड्यानंतर तबकडी पूर्ण परतेपर्यंत तिच्यावरून बोट उचलून धरले होते. आम्ही फोन घेतला. पलीकडे थोडी खरखर होती. पण आवाज स्वच्छ होता.

“फादर,” आजोबा म्हणाले, “रविवारची पहिली मिस्सा किती वाजता?”

“सात वाजता. गेली कित्येक वर्षे सातलाच आहे.”

“हो. ठाऊक आहे,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला.